विमान हलेल, नाहीतर माणसे

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट धक्क्यापासून अजून वीस-पंचवीस हात दूर असते, तेवढ्यात दुचाक्या सुरू होऊ लागतात. रॅम्प काँक्रीटला टेकण्याआधीच पुढच्या रांगेतला स्कूटरवाला पाय उचलून तयार असतो आणि खलाशी त्याच्यासमोर हात आडवा धरून उभा असतो. गोव्यातल्या माणसाला ही घाई अंगवळणी पडलेली आहे, आणि मोपाला किंवा दाबोळीला विमानातून उतरताना तो ती सोबत घेऊन येतो. विमान जागेवर थांबले की पट्टे सुटल्याचे आवाज येतात, वरचे कप्पे उघडतात, माणसे मान वाकडी करून मधल्या वाटेत उभी राहतात, आणि मग काही मिनिटे दरवाजा उघडतच नाही. "आता कशाची वाट बघतायत?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि एक-दोनदा स्वतः विचारलाही आहे.

त्याचे उत्तर मला आमच्या शेजारच्या मुलाकडून मिळाले. तो विमानतळावर रॅम्पवर काम करतो. विमाने उभी राहतात त्या मोकळ्या काँक्रीटच्या पटांगणाला विमानतळाच्या भाषेत रॅम्प किंवा एप्रन म्हणतात आणि त्यावरच्या एकेका विमानाच्या जागेला स्टँड किंवा बे. "काका, बेवर एकच गोष्ट डोक्यात ठेवायची असते," तो म्हणाला. "एक तर विमान हलेल, नाहीतर आम्ही हलू. दोघांनी एकदम हलायचं नाही." त्यानंतर या विषयावर जे काही वाचले, त्यातल्या बहुतेक सगळ्या नियमांच्या बुडाशी मला हेच वाक्य सापडले. पुढे जे लिहिले आहे तो त्या वाक्याचा विस्तार आहे, आणि ते वाक्य जिथे पाळता येत नाही तिथे काय होते याची हकिकतही आहे.

विमान येण्यापूर्वीच बेवर काम सुरू झालेले असते. दोन-तीन माणसे जमिनीकडे पाहत सावकाश फिरतात आणि सुटकेसचे तुटलेले चाक, कुलूप, स्क्रू, बाटलीचे झाकण, प्लास्टिकची पट्टी असे जे सापडेल ते उचलतात. हा स्वच्छतेचा सोपस्कार नव्हे. जेट इंजिन पुढून हवा ओढते आणि हवेबरोबर जमिनीवरचे हलके सामानही ओढते, त्यामुळे एखाद्या स्क्रूमुळे पंख्याची पाती खराब होऊ शकतात. त्याच वेळी सगळ्या गाड्या, सामानाच्या ट्रॉल्या आणि शिड्या एका लाल रेघेच्या बाहेर उभ्या केल्या जातात. ही रेघ विमानाच्या आकाराभोवती आखलेली असते, आणि विमान आत यायचे असेल तेव्हा तिच्या आत एकही चाक असता कामा नये. एरोब्रिज, म्हणजे टर्मिनल आणि विमानाचा दरवाजा यांना जोडणारा बंदिस्त पूल, तोही मागे ओढून त्याच्या ठरलेल्या जागी ठेवलेला असतो. म्हणजे विमान हलणार आहे तेव्हा बाकी सगळे थांबलेले आहे.

विमान आकाशात चालवणे अवघड आणि जमिनीवर सोपे, असा आपला समज असतो. खरे तर बेमध्ये शिरताना पायलटला ज्या गोष्टी पाहायला हव्यात, नेमक्या त्याच त्याला दिसत नाहीत. ए-३२० या विमानाचे पुढचे चाक नाकाच्या टोकापासून सुमारे ५ मीटर मागे असते, म्हणजे पायलट चाकाच्याही पुढे बसलेला असतो. ज्या पिवळ्या रेघेवरून त्याला ते चाक न्यायचे असते, ती रेघ चाकापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या नजरेआड झालेली असते. पंखांची गोष्ट याहून बिकट आहे. टोके वर वळवलेले पंख असलेले ए-३२० किंवा बोइंग ७३७-८०० हे विमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३५.८ मीटर रुंद असते, आणि मोठ्या विमानांत तर पंखांची टोके कॉकपिटमधून सहज दिसतच नाहीत. शिवाय पंख मागे झुकलेले असल्यामुळे विमान वळताना बाहेरच्या बाजूचे टोक अपेक्षेपेक्षा मोठा फेरा घेते. म्हापशाच्या बाजारात कदंबची बस वळते तेव्हा तिचा मागचा कोपरा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर कसा येतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की बसच्या ड्रायव्हरला आरसे असतात आणि मागून ओरडणारा कंडक्टर असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन गोष्टी केल्या जातात. पहिली म्हणजे मोकळी जागा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या मानकांनुसार २४ ते ३६ मीटर पंखविस्ताराच्या विमानाला बेवर शेजारच्या विमानापासून, इमारतीपासून आणि इतर कोणत्याही वस्तूपासून किमान ४.५ मीटर अंतर मिळाले पाहिजे, आणि त्याहून मोठ्या विमानांना ७.५ मीटर. साडेचार मीटर म्हणजे एका लांबट मोटारीएवढी जागा. ऐकायला ती पुरेशी वाटते, पण हे गणित विमान रेघेवरच राहील असे धरून मांडलेले आहे. विमान एक मीटर सरकले की ४.५ चे ३.५ होतात. २७ मार्च २०२४ रोजी कोलकाता विमानतळावर जमिनीवरून पुढे जाणाऱ्या एका विमानाच्या पंखाचे टोक थांबलेल्या दुसऱ्या विमानाच्या पंखाला घासले होते. ती घटना बेवरची नव्हती, पण पंखाच्या टोकाचा अंदाज चुकणे म्हणजे काय, ते तिच्यावरून कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे उसने डोळे. पायलटच्या समोर उभा राहून दोन्ही हातांतल्या दांड्यांनी खुणा करणारा माणूस आपण खिडकीतून पाहिलेला असतो. त्याला मार्शलर म्हणतात. त्याच्या खुणा जगभर सारख्या आहेत, म्हणून पणजीच्या आणि पॅरिसच्या पायलटला त्या सारख्याच कळतात. कोपरात वाकवलेले हात छातीपासून डोक्यापर्यंत वर-खाली हलत असतील तर सरळ ये. एक हात आडवा ताठ आणि दुसरा बोलावत असेल तर वळ. आणि दोन्ही दांड्या झटकन डोक्यावर एकमेकींवर आडव्या धरल्या तर आहे तिथे ताबडतोब थांब. या शेवटच्या खुणेनंतर पायलट प्रश्न विचारत बसत नाही. मार्शलरला पंखांची दोन्ही टोके एकाच वेळी नीट पाहता येत नाहीत, म्हणून अडचणीच्या जागी प्रत्येक टोकाजवळ एकेक माणूस चालत असतो आणि तो मार्शलरला खूण करतो. टोकाजवळच्या माणसाने मार्शलरला सांगायचे आणि मार्शलरने पायलटला, अशी ती साखळी असते, आणि तिच्यातला एकही दुवा दिसेनासा झाला तर विमान थांबवायचे असते.

मोठ्या टर्मिनलच्या बेवर आता मार्शलरची जागा बरेचदा भिंतीवरचा एक काळा फलक घेतो. त्यात लेसर असतो. तो येणाऱ्या विमानाचे नाक आणि आकार मोजतो, हे विमान अपेक्षित जातीचेच आहे ना हे ताडून पाहतो, आणि मग पायलटला डावीकडे सरक, उजवीकडे सरक, अजून इतके मीटर, आता थांब, असे दिव्यांनी दाखवतो. जातीची खात्री करून घेण्यामागे कारण आहे. ए-३२१ ची लांबी ४४.५ मीटर आणि ए-३२० ची ३७.५७ मीटर, दरवाजे आणि चाके यांची जागा विमानागणिक बदलते, त्यामुळे त्याच बेवर प्रत्येक जातीसाठी थांबण्याची खूण वेगळी असते. चुकीच्या खुणेवर थांबलेल्या विमानाचा दरवाजा एरोब्रिजसमोर येत नाही, किंवा त्याची शेपटी मागच्या रस्त्यावर येते. आषाढातल्या पावसात लेसरला धारांपलीकडचे विमान नीट दिसेनासे होते, तेव्हा हे यंत्र पायलटला तसे दाखवते आणि काम पुन्हा रेनकोट घातलेल्या माणसाच्या हातातल्या पेटत्या दांड्यांकडे येते. मला व्यक्तिशः हे फार आवडते, की आपल्याला दिसत नाही हे कबूल करण्याची सोय त्या यंत्रात केलेली आहे.

आता विमान थांबले. प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास संपला, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या दृष्टीने विमान अजून चालू आहे. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली एक लाल दिवा लुकलुकत असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो लावायचा आणि इंजिने बंद होईपर्यंत तो विझवायचा नाही, असा त्याचा अर्थ आहे. "लाल दिवा विझल्याशिवाय आम्ही आत पाऊल टाकत नाही," असे शेजारच्या मुलाने मला तीनदा सांगितले. दिवाच का, कानांनी कळत नाही का, असे मी विचारले तेव्हा तो हसला. एप्रनवर प्रत्येकाच्या कानांवर जाड संरक्षक असतात, आणि आजूबाजूला दोन-तीन विमानांचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. समोरचे इंजिन चालू आहे की शेजारच्या बेवरचे, हे कान सांगू शकत नाहीत. इंजिनाच्या मध्यभागी असलेल्या टोपीवर पांढरी वळणदार रेघ रंगवलेली असते, ती त्यासाठीच. टोपी फिरत असेल तर रेघही फिरताना दिसते आणि पाहणाऱ्याला धोका कळतो.

धोका किती? बोइंग ७३७-८०० चे इंजिन नुसते संथ गतीत फिरत असताना त्याच्या तोंडापासून सुमारे ३ मीटरच्या आत माणसाने जायचे नसते. पायलटने इंधन बंद केल्यानंतरही पंखा लगेच थांबत नाही, गती कमी होत होत काही वेळ फिरत राहतो. मागच्या बाजूला ओढ नसते पण गरम हवेचा झोत असतो, आणि तो रिकामी ट्रॉली ढकलून नेऊ शकतो. आपण आत उभे राहून चुळबूळ करत असतो त्या मिनिटांपैकी पहिली काही याच्यात गेलेली असतात.

मग चाकांना चोक लावले जातात. चोक म्हणजे रबराचा किंवा लाकडाचा तिरका ठोकळा. चोर्ला घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावलेला आपण पाहिलेला असतो, तेच काम चोक करतो. विमानाला ब्रेक असतात, मग याची गरज काय? एक तर पार्किंग ब्रेक हायड्रॉलिक दाबावर धरून ठेवलेला असतो आणि तो दाब कालांतराने कमी होऊ शकतो. बेची जमीनही पूर्ण सपाट नसते. पाणी आणि सांडलेले इंधन वाहून जावे म्हणून तिला किंचित उतार असतो, आणि तो १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा असे इकाओ सांगते. गोव्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात या उताराचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पण त्याच उतारावर साठ-सत्तर टनांचे विमान सावकाश घरंगळूही शकते. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. उतरताना ब्रेक भयंकर तापतात. ए-३२० मध्ये तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कॉकपिटमध्ये सूचना येते. पार्किंग ब्रेक दाबून ठेवला तर ही उष्णता आत कोंडून राहते, म्हणून चोक लागल्याची खूण मिळाली की पायलट ब्रेक सोडून देतो, आणि त्या क्षणापासून विमान फक्त त्या रबरी ठोकळ्यांवर उभे असते.

तापलेल्या चाकाकडे जाण्याचीही रीत आहे. नेहमी समोरून किंवा मागून जायचे, बाजूने कधीही नाही, कारण तापलेले चाक फुटले तर त्याचे तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूला उडतात. चोक लावणारा माणूस वाकून, टायरच्या रेषेत राहून, ठोकळा आत सरकवतो आणि आल्या वाटेनेच मागे जातो. मी खिडकीतून हे पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहिले. तो माणूस इंजिनाच्या तोंडाकडे न पाहता, पण त्याच्यापासून दूरच्या वाटेने गेला. त्याच्या चालण्यात घाई नव्हती आणि रेंगाळणेही नव्हते.

त्यानंतर पंखांच्या टोकांखाली, इंजिनांसमोर आणि शेपटीपाशी नारिंगी कोन ठेवले जातात. आता विमान हलणार नाही, माणसे हलू शकतात. बाजू बदलली.

पण हा नियम पाळणे नेहमी शक्य असते असे नाही. इंजिने बंद केल्यावर विमानाला वीज लागते. ती शेपटीत बसवलेल्या एका लहान इंजिनातून मिळते किंवा जमिनीवरच्या यंत्रातून, ४०० हर्ट्झची वीज केबलने जोडून. ते शेपटीतले लहान इंजिन नादुरुस्त असेल तर बाहेरची केबल जोडेपर्यंत मुख्य इंजिनांपैकी एक चालूच ठेवावे लागते. म्हणजे विमान बेवर उभे आहे, माणसे जवळ येणार आहेत, आणि इंजिन फिरते आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी विमानतळावर नेमके हेच होते. एम्ब्रेयर १७० जातीचे विमान बेवर आले होते आणि त्याचे एक इंजिन चालू ठेवलेले होते. जमिनीवरच्या लोकांना हे आधी दोनदा एकत्र बोलावून सांगण्यात आले होते, आणि लाल दिवाही चालू होता. तरीही एक कर्मचारी विमानाजवळ गेली आणि इंजिनात ओढली जाऊन मरण पावली. या घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे सूचना दिलेली होती. रोज शंभर वेळा ज्या क्रमाने हात-पाय चालतात तो क्रम एखाद्या दिवशी बदलायचा असेल, तर नुसते सांगणे पुरत नाही. अंगाला पडलेली सवय त्या सांगण्याला हरवते.

असाच एक अपवाद मोपावर रोज दिसू शकतो, पण तो विचारपूर्वक बांधलेला आहे. मोपा हेच मुख्य ठिकाण असलेली फ्लाय ९१ ही कंपनी मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० ही पंखेवाली विमाने उडवते. एटीआरच्या शेपटीत ते लहान इंजिन नसतेच. त्याऐवजी उजव्या बाजूच्या इंजिनाच्या प्रॉपेलरला ब्रेक लावून तो जागच्या जागी रोखता येतो आणि इंजिन मात्र आत फिरत राहून वीज आणि हवा पुरवते. प्रवासी डाव्या बाजूने, मागच्या दरवाजातून चढ-उतार करतात. इथे इंजिन चालू असताना माणसे हलतात खरी, पण दोघांच्या बाजू वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि धोक्याचा फिरता भाग यंत्रानेच धरून ठेवला आहे. म्हणूनच एटीआरकडे चालत जाताना कर्मचारी आपल्याला दोरीच्या किंवा कोनांच्या मधूनच नेतात, आणि फोटोसाठी पंखाखाली जाऊ पाहणाऱ्याला जरा कडक आवाजात परत बोलावतात. त्या आवाजाचा राग मानू नये.

विमान थांबले, चोक लागले, आता गाड्या लाल रेघेच्या आत येतात. पट्ट्यावरून सामान चढवणारी गाडी, पाण्याची गाडी, शौचालय रिकामे करणारी गाडी, जेवणाची उचल-गाडी, इंधनाचा टँकर. अर्ध्या-पाऊण तासात विमान पुन्हा निघायचे असल्यामुळे ही सगळी जत्रा एकाच वेळी भरते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२२ मध्ये म्हटले होते की जमिनीवर विमानांचे होणारे नुकसान असेच चालू राहिले तर त्याचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन जवळपास १० अब्ज डॉलरवर जाईल, आणि थांबलेल्या विमानाचे बहुतेक नुकसान या मोटारगाड्यांच्याच धडकेने होते. म्हणून गाडीवाल्याने विमानाजवळ येण्याआधी थोड्या अंतरावर पूर्ण थांबून ब्रेक लागतो आहे ना हे तपासायचे, मग चालण्याच्या गतीने पुढे यायचे, मागे घेताना समोर खूण करणारा माणूस हवाच. २२ डिसेंबर २०१५ रोजी कोलकात्यात प्रवाशांची एक बस उभ्या विमानाला जाऊन धडकली होती, आणि २ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत एक मोटार थांबलेल्या विमानाच्या नाकाखाली शिरून पुढच्या चाकापासून थोडक्यात वाचली होती.

धडक हलकी असली तर काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. आपल्या मोटारीला खरचटले तर आपण रंग लावतो आणि विसरतो. पण प्रवासी विमानाच्या अंगावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतो, आणि उंचावर आतल्या हवेचा दाब त्याला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेपाच टन इतक्या जोराने बाहेर ढकलत असतो. जमिनीवर निरुपद्रवी दिसणारा पोचा वर गेल्यावर फाटू शकतो. २६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतल्या सिअॅटलहून निघालेल्या एमडी-८३ विमानाचे असेच झाले. बेवर सामानाच्या गाडीचा धक्का लागला होता, ज्याच्या हातून लागला त्याने तेव्हा सांगितले नाही, आणि सुमारे २६,००० फुटांवर पत्र्याला साधारण एक फूट लांब आणि अर्धा फूट रुंद भोक पडून आतला दाब गेला. पायलटांनी विमान सुखरूप परत आणले. काही नव्या विमानांत अॅल्युमिनियमऐवजी कार्बन फायबर असते, आणि त्याची गंमत अशी की त्यावर धक्का बसला तर वरून डागही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. त्यामुळे "माझ्या हातून लागले" हे वाक्य या धंद्यात ब्रेकइतकेच महत्त्वाचे सुरक्षासाधन आहे. ते बोलणाऱ्याला शिक्षा करणारा वरिष्ठ पुढच्या वेळी ते वाक्य ऐकणार नाही, हे उघड आहे.

एरोब्रिजच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिथे थांबलेले विमानच गुपचूप हलत असते. विमान रिकामे होऊ लागले की त्याचे वजन कमी होते, चाकांच्या वरचे दांडे लांब होतात आणि विमान काही इंच वर उचलले जाते. सामान आणि इंधन भरताना ते पुन्हा खाली बसते. ब्रिज जागच्या जागी राहिला आणि विमान खाली आले, तर उघडा दरवाजा ब्रिजच्या फरशीवर टेकून बिजागरीतून उखडू शकतो. म्हणून ब्रिजच्या बाजूला एक छोटे रबरी चाक असते, ते विमानाच्या अंगाला टेकलेले राहते, आणि विमान हलले की ते फिरून ब्रिजला तेवढेच वर-खाली करते. शिवाय उघड्या दरवाजाखाली पायताणासारखे एक चपटे साधन ठेवतात. दरवाजा त्यावर टेकला की ब्रिज आपोआप खाली जातो. पुढच्या वेळी विमानातून ब्रिजमध्ये पाऊल टाकताना दरवाजाच्या खालच्या कडेकडे पाहा, ते दिसेल.

दरवाजाच आलेला आहे म्हणून घसरगुंडीबद्दल दोन वाक्ये. उड्डाणात दरवाजाला आपत्कालीन घसरगुंडी जोडलेली असते, ती काही सेकंदांत फुगते आणि समोरच्या माणसाला उडवून देऊ शकते. ए-३२० मध्ये दरवाजा बाहेरून उघडला तर ती जोडणी आपोआप सुटते, बोइंग ७३७ मध्ये ती आतल्या कर्मचाऱ्याने हाताने सोडवावी लागते, आणि विमान बेवर येताना कानावर पडणारी दरवाजांबद्दलची ती तुटक इंग्रजी घोषणा याचसाठी असते.

इंधन भरताना एक घोषणा लोकांना उलटी वाटते: सीटवर बसून राहा, पण पट्टा लावू नका. एरवी पट्ट्यासाठी मागे लागणारे कर्मचारी तो सोडायला का सांगतात? कारण आग लागली तर विमान ताबडतोब रिकामे करायचे असते. टँकरसमोरचा रस्ताही मोकळा ठेवलेला असतो, म्हणजे त्याला मागे-पुढे न करता थेट निघून जाता यावे. टँकर आणि विमान यांना तारेने जोडून दोघांवरचा स्थिर विद्युतभार सारखा करतात, ठिणगी पडू नये म्हणून. आणि ढग गडगडू लागले की हे काम थांबते. मे महिन्याच्या शेवटी किंवा परतीच्या पावसात मोपाच्या पठारावर विजा कडाडत असताना विमान बेवर उभेच आहे, सामान खाली आलेले नाही, म्हणून चिडलेले प्रवासी मी पाहिले आहेत. त्या उघड्या पठारावर धातूच्या भल्यामोठ्या यंत्राजवळ उभे राहायला मी त्यांना सांगितले असते तर ते गेले असते का, हा वेगळा प्रश्न.

शेवटी विमान निघते, आणि बाजू पुन्हा बदलायची वेळ येते. गाड्या लाल रेघेबाहेर जातात, लाल दिवा पेटतो, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. ढकलताना पुढचे चाक ट्रॅक्टरच्या हवाली असते, म्हणून त्या चाकाच्या दांड्यात एक पिन घातलेली असते. तिच्यामुळे पायलटच्या हातातले चाकाचे नियंत्रण तात्पुरते सुटते. ती नसेल तर पायलट आणि ट्रॅक्टर दोघेही एकाच चाकाला ओढू लागतील आणि दोघांना जोडणारी मधली जड लोखंडी दांडी जवळच्या माणसाला फटकावेल. एक माणूस विमानाच्या नाकापाशी तार जोडून पायलटशी बोलत चालत असतो. विजा असतील तर तीही तार काढून नुसत्या हातांच्या खुणांवर काम चालते.

ढकलून झाल्यानंतरचे ते एक मिनिट सगळ्यात नाजूक असते, कारण आता इंजिने चालू आहेत आणि माणूस अजून विमानाच्या पुढे आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत हैदराबादला निघालेल्या ए-३१९ विमानापाशी हेच घडले. विमान ढकलून झाले होते, जमिनीवरचा तंत्रज्ञ अजून इंजिनाजवळ होता, तो बाजूला झाला असा समज होऊन विमान पुढे हलले, आणि तो इंजिनात ओढला गेला. समज आणि खात्री यांच्यात तिथे काही पावलांचेच अंतर होते.

म्हणून विमान सुटण्याआधी एक छोटा विधी असतो, आणि तो डाव्या बाजूच्या पुढच्या खिडकीतून कधीकधी दिसतो. गेल्या पावसाळ्यात मला तो दिसला. ट्रॅक्टर दूर गेला होता, पाऊस तिरका येत होता, आणि पिवळ्या रेनकोटातला एक माणूस विमानापासून बराच बाजूला, पायलटला पूर्ण दिसेल अशा जागी जाऊन उभा राहिला. त्याने उजवा हात उंच केला. हातात ती पिन होती आणि तिला बांधलेली लांब लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती. पिन बाहेर आली आहे, आणि मी इथे आहे. तो तसाच थांबून राहिला, कॉकपिटच्या काचेआडून कुणीतरी हात हलवून ते पाहिल्याची खूण करेपर्यंत, आणि मग पिन खिशात घालून पाठ न वळवता मागे मागे गेला.